धाबळी आणि दुधातली पुडी

सोलापुरात राहणाऱ्या बाईच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी आहे, हे सांगताना डॉक्टरांनाच हसू आवरेना. "उन्हाच्या गावात राहता आणि उन्हाचंच जीवनसत्त्व नाही?" मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. माझ्या सासूबाई पहाटे उठतात, ऊन चढायच्या आत कामं उरकून दारं-खिडक्या लावून घेतात, आणि बाहेर पडल्याच तर डोक्यापासून मनगटापर्यंत पदर. आमच्या गावात शहाणी माणसं उन्हाशी असंच वागतात.

दुखणं काही हसण्यासारखं नव्हतं. मांड्यांतलं बळच गेलं होतं. खुर्चीवरून कशाबशा उठायच्या, पण जमिनीवर बसल्या की काखेत हात घालून उठवावं लागायचं. दुसऱ्या एखाद्या बाईनं जमिनीवर बसणंच सोडून दिलं असतं. पण आमच्या गल्लीतल्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीला पुरणाचा नैवेद्य आमच्या घरून जातो, आणि तो सासूबाई सोवळ्यात करतात. पहाटे न्हाऊन लाल धाबळी नेसायची. धाबळी म्हणजे सोवळ्यातलं लोकरीचं वस्त्र. मग जमिनीवर शेगडीपुढं बसून सगळा स्वयंपाक करायचा, आणि नैवेद्य देवापुढं पोचेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. हात देऊन उठवलं की शिवणं आलंच. आपलं आपण उठता आलं तर नैवेद्य आपला, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब होता.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "देवळात सांगून ठेव गं. यंदा आचाऱ्याकडून करून घ्या म्हणावं." आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या.

आता मला हे सोवळं मुळीच आवडत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. या सोवळ्यानं किती माणसांना दाराबाहेर उभं केलंय ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी त्यावरून सासूबाईंशी कडकडून भांडले होते. मी बाहेर आम्लेट खाते हेही त्यांना माहीत आहे. पण तो चष्मा पुसणं काही मला बघवेना. देवळात निरोप द्यायला मी गेलेच नाही. म्हटलं, ही बाई उठणार. कशी ते बघू.

डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली होती. मऊ, पिवळसर, आरपार दिसणारी. सासूबाई बिस्किटांचा पुडासुद्धा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय फोडत नाहीत, त्यांनी पाकीट दहा वेळा उलटसुलट केलं. त्यावर ठिपका सापडेल तर शपथ.

"वरचं हे कवच कशाचं गं?"

"जिलेटिनचं, आई. जनावरांची हाडं, कातडी उकळून करतात."

त्यांनी कॅप्सूल वाटीत ठेवली आणि वाटी लांब सरकवली. "म्हणजे माझी हाडं नीट व्हावीत म्हणून दुसऱ्या कुणाची तरी हाडं उकळायची. नको बाई."

माझ्या नवऱ्याला लगेच युक्ती सुचली. "सुई टोच, आतलं दुधात पीळ, कवच टाकून दे. तिला कशाला सांगायचं?"

"आणि विचारलं तर?"

"कुठं विचारतेय ती."

मी भडकलेच. जन्मभर जी बाई विचारून खात आली, तिला आता पाय चालेनात म्हणून फसवून खाऊ घालायचं? मी म्हटलं, "मी फसवणार नाही आणि तुम्हालाही फसवू देणार नाही." माझा आवाज चढला की तो शहाण्यासारखा गप्प बसतो.

मग मी औषधांची दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, कवच नसलेलं काही आहे का. एका दुकानदारानं, बहुधा मी लवकर जावं म्हणून, आतून एक खोका काढला. दुधात ढवळून घ्यायची पुडी, आणि खोक्यावर ठसठशीत हिरवा ठिपका! मला तर तो खोका दुकानदाराच्या टेबलावरच नाचवावासा वाटला. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, चालेल. सासूबाईंनी भिंग लावून खोका वाचला आणि पहिली पुडी घेतली.

दसऱ्यापर्यंत त्या खुर्चीवरून न कण्हता उठायला लागल्या. दिवाळीत फराळाला जमिनीवर बसल्या आणि भिंतीला धरून उठल्या. मला इतका आनंद झाला की मी चकल्या करपवल्या.

भाऊबीजेला पुण्याहून नणंदबाई आल्या. आईवर त्यांचा फार जीव, आणि हातातल्या मोबाइलवरही तितकाच. पुडी पाहून त्यांनी काहीतरी शोधलं आणि किंचाळल्याच. "आई, थांब! हे मेंढीच्या लोकरीपासून करतात. ठिपका काहीही असो, आहे प्राण्याचंच."

मी शोधून पाहिलं. खरं होतं. लोकरीला जो तेलकट चिकटा असतो, त्यापासून ते औषध बनतं. मी विज्ञान शिकवते आणि हे मला माहीत नव्हतं, याचा राग मी नणंदबाईंवर काढला. सासूबाईंनी दुधाचा पेला खाली ठेवला. दत्तजयंती जवळ आली होती, आणि भिंत सोडून उठणं अजून जमत नव्हतं.

त्यांनी एकच विचारलं, "मेंढी मारावी लागते का?"

"वाचलंय त्यावरून तरी नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आई."

"मग बघून ये."

"मी कशाला? तुम्हीच चला."

नणंदबाई पुण्याला परतल्यावर, रविवारी, आम्ही मंगळवेढ्याच्या वाटेला लागलो. नवरा गाडी चालवत होता, सासूबाई पुढं उशीला टेकून. दिवाळीनंतर त्या बाजूच्या माळावर मेंढरांचे कळप उतरलेले असतात, आणि नेमकी कातरणी चालू होती. एक धनगर मेंढी आडवी पाडून, तिचे पाय बांधून, मोठ्या कातरीनं लोकर उतरवत होता. त्याची बायको मेंढीचं डोकं धरून बसली होती. सासूबाई मागं हात बांधून अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत तपासणीसाठी साहेब येतात ना, तशा.

"ह्यात जनावर मरत नाही ना?"

धनगरानं मान वर केली. "मरतंय कशाला, आजी? न्हाय कातरलं तर उलट गोचीड भरत्यात अंगावर. हलकं हुतंय मेंढरू. बगा की."

त्यानं पाय सोडले. मेंढी धडपडत उठली, अंग झटकलं, जराशी रागावल्यासारखी ओरडली आणि कळपात जाऊन चरायला लागली. सासूबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी खाली पडलेली लोकर मुठीत धरली, सोडली, आणि बोटं एकमेकांवर घासली.

"तेलकट लागतंय गं."

"तेच ते. ह्यातूनच काढतात."

धनगरणीनं तिथंच तीन दगडांवर शेळीच्या दुधाचा चहा केला. सासूबाईंनी तो घेतला. सोवळ्यावरून मला बोलायचं खूप होतं, पण मी जीभ आवरली.

परत येताना एक गोष्ट मला सांगावीच लागली. "आई, कारखान्यात जाणारी सगळी लोकर अशीच उतरवलेली असते का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

त्या खिडकीबाहेरच्या माळाकडं बघत म्हणाल्या, "दुधाचं तरी कुठं सांगता येतं? मी जे पाहिलं त्यात कुणी मेलं नाही. उद्या वेगळं कळलं तर उद्या सोडीन. कळूनही डोळे मिटणार नाही, एवढंच माझं."

तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला. "पण आई, शेवटी आहे ते प्राण्याचंच ना?"

सासूबाईंचा आवाज मी इतका खणखणीत कधी ऐकला नव्हता. "आणि देवापुढं जाताना मी धाबळी नेसते, ती काय कापसाची असते होय गं? लोकर अंगावर सोवळी आणि पोटात ओवळी, हे कुणी ठरवलं?"

नवऱ्याला हसताना गाडी नीट चालवता येईना, मी त्याला ओरडले आणि मीही हसत सुटले. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच दूध तापवलं आणि पुडी ढवळली.

त्यानंतर त्यांनी रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसायलाही सुरुवात केली, पदर मागं टाकून. गल्लीतल्या बायका बघायच्या. बघू देत, म्हणायच्या.

दत्तजयंतीच्या पहाटे त्या धाबळी नेसून शेगडीपुढं बसल्या. पुरण शिजलं, वाटून झालं, पोळ्या झाल्या, ताट वाढून पाटावर ठेवलं. आम्ही उंबऱ्याबाहेर उभे. पुण्याहून मुद्दाम आलेल्या नणंदबाई माझा हात घट्ट धरून होत्या.

सासूबाईंनी एक पाय दुमडला. एक हात गुडघ्यावर ठेवला. भिंत हातभर लांब होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. अर्ध्यावर येऊन त्या थांबल्या, मांडी थरथरली, आणि नवऱ्याचा हात आपोआप पुढं गेला. मी त्यावर चापट मारली. "शिवू नका!"

त्या उठल्या. सरळ, उंच, कमरेत वाक न ठेवता उभ्या राहिल्या. धाबळीचा काठ नीट केला, वाकून ताट उचललं, आणि आमची तोंडं बघून म्हणाल्या, "वाट सोडाल की नाही?"

मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. दारातून, गल्लीतून त्या देवळाकडं निघाल्या, आणि जन्मभर सोवळ्याला नाकं मुरडणारी मी त्यांच्या पुढं पुढं धावत, दोन्ही हात पसरून सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होते, "बाजूला व्हा! कुणी शिवू नका त्यांना! आपल्या आपण उठल्यात त्या!"