साडूसाठी रचलेली झडती

नेरजवळच्या माझ्या सासरच्या गावात मी एसटीतून उतरलो, की पानठेल्यावरचा कोणीतरी विचारतोच, ‘‘काय जावईबापू, नारय आणलं का?’’ बाकीचे हसतात. मीही हसतो. जावयाला सासरच्या गावात रागावता येत नाही. रागावला तर लोक दुप्पट हसतात. पण पोटात जे शिजायचं ते शिजतंच.

ह्या नारळाच्या मागे माझे साडू आहेत. बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. दारव्ह्याला बी-बियाण्यांचं दुकान, ओठावर झुबकेदार मिशी, आणि जिभेला कधी सुट्टी नाही.

झालं असं. काही वर्षांपूर्वी सासरची सगळी मंडळी दारव्ह्याला साडूंकडे गेलो होतो. दारव्हा म्हणजे कापसाची जुनी पेठ. इंग्रजांच्या काळातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातून आम्ही देवळाकडे चाललो होतो. मी तेव्हा नुकताच इतिहासाच्या नादी लागलेलो. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाशी प्रत्येक दगड बोलायला लागतो, तसं माझं झालं होतं. चिंचेच्या झाडाखाली जमिनीत बसवलेली एक गंजकी लोखंडी पाटी दिसली. कडेनं इंग्रजी अक्षरं. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, चपला काढायला लावल्या आणि सांगितलं, की इथे कोणी गोरा साहेब चिरनिद्रा घेतो आहे. पाटी एका माणसाला जरा मोठी वाटली म्हणून मी त्याच्या मडमेलाही त्यात घातलं. घरापासून इतक्या दूर, परक्या मातीत... मी हात जोडले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, देवासाठी आणलेला नारळ त्या पाटीवर फोडला.

साडू नारळ फुटेपर्यंत थांबले. बाकी सगळं मी विसरेन, हे थांबणं विसरणार नाही. मग शांतपणे म्हणाले, ‘‘साडभाऊ, जरा बाजूले सरा. वजन चढून राह्यलं.’’

तो गाडीकाटा होता. कापसाची बैलगाडी जिनिंगमध्ये शिरताना भरल्या अंगानं तोलायचा काटा. इंग्रजी अक्षरं तो बनवणाऱ्या कारखान्याची.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे पोळा असतो आणि पोळ्याला झडत्या असतात. सासरच्या गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहतात, आणि एकेक जण पुढे होऊन यमकं जुळवलेल्या झडत्या म्हणतो, कोणाची तरी सालं काढतो. शेवटी सगळा गाव ‘हर हर महादेव’ ओरडला, की झडती लागू पडली. त्या वर्षी साडूंनी म्हटली:

चिंचेच्या झाडाखाली कापसाचा काटा,
त्याच्यावर फोडून नारय साहेबाले वाटा!
मेलेल साहेब काही उठून ये ना,
शिकेल जावई आमचा, त्याले समजून ये ना!

गाव असा ओरडला की बैल बिथरले. तेव्हापासून दर पोळ्याला ही झडती होते. साडू आले नाहीत तर दुसरं कोणी म्हणतं. पाळण्यातली पोरं बोलायला लागली की बहुधा आधी हीच शिकत असावीत.

ह्या झडतीवर उतारा एकच: साडूंवर त्याहून जबर झडती. त्यासाठी साडूंची एखादी फजिती हवी होती. गेल्या वर्षी पोळ्याच्या थोडं आधी मी ती शोधायला निघालो.

‘‘कायले जाता?’’ बायकोनं विचारलं.

‘‘जुन्या बाजारगावांवर लिहायचं आहे.’’

‘‘लिहा. पण कशावर नारय नका फोडू.’’

ही घरची माणसं.

दारव्ह्याला पोचून साडूंनाही मी तेच सांगितलं. बिचारे इतके खूश झाले, की दुकान गड्याच्या हवाली करून मोटारसायकल काढली. मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

बाजाराचा दिवस होता. कापूस यायला अजून अवकाश, त्यामुळे मार्केटचं आवार रिकामं, पण रस्त्यावर बैलांचा साज लटकत होता: झुली, घुंगरमाळा, शिंगांचा बेगड, रंगाचे डबे. जिनिंगच्या धुराड्याच्या टोकाला पिंपळ उगवलेला. बंद पडलेल्या छोट्या, नॅरोगेज गाडीचं स्टेशन शेळ्यांनी ताब्यात घेतलेलं. रूळ गवतात कुठे शिरतात आणि कुठे निघतात ते त्यांनाच ठाऊक. तिकिटाच्या खिडकीत एक बकरा तोंड घालून उभा होता.

‘‘गाडीची वाट पाहून राह्यला,’’ साडू म्हणाले.

मी हसलो नाही. शत्रूच्या विनोदाला हसलं की सूड पातळ होतो.

मग आम्ही त्या रुळांच्या काठाकाठानं गावं पालथी घातली. प्रत्येक गावात इंग्रजांचं काहीतरी उरलेलं: कुठे दगडी पूल, कुठे बैलांच्या हौदासकट बांधीव विहीर, कुठे भिंतीत पत्र टाकायची लोखंडी पेटी. साडू पुलाची कमान दाखवत, आणि मी कमानीखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना हळूच विचारत असे, ‘‘आमचे साडू इकडे नेहमी येतात का हो? काही गमतीजमती?’’ सगळीकडे एकच उत्तर. माणूस देव आहे. ह्याच्या पोराला कॉलेजात पोचवलं, त्याच्या बैलासाठी भर पावसात डॉक्टर आणला. दुपारपर्यंत त्यांचे उपकार ऐकून ऐकून माझं डोकं दुखायला लागलं. एका गावात तर मला त्यांच्यामुळे चहा मिळाला, आणि मी तो रागारागानं दोनदा घेतला.

शेवटी देव पावला. पुढच्या गावाच्या फाट्यावर मोटारसायकल पंक्चर झाली. पंक्चर काढणारे चाचा साडूंच्या ओळखीचेच. दोघांच्या गप्पा अशा रंगल्या, की चाक बाजूलाच राहिलं. मी म्हटलं, तोवर डाकबंगला पाहून येतो.

डाकबंगला गावाबाहेर, सागाच्या झाडांत. कौलं खचलेली, पण छताला अजून लोखंडी कड्या होत्या. साहेबाला वारा घालायचा पंखा त्यांना टांगत आणि दोरी वऱ्हांड्यातून कोणी ओढत बसे. त्याच वऱ्हांड्यात एक म्हातारी काकू मुगाच्या शेंगा सोलत होती. तिचा नवरा इथला चौकीदार होता, आता नाही. मी सासरचं गाव सांगताच तिचा चेहरा उजळला.

‘‘अगोबाई! त्या गावची सून हाओ मी. म्हंजे तुम्ही ते नारयवाले जावई!’’

इथपर्यंत पोचली होती झडती.

माझा चेहरा पडलेला पाहून तिला दया आली असावी. शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, ‘‘तुम्हालेच हासतात काय? तुमच्या घरच्या त्याईची गोष्ट ठाव हाय का? नाव नाई घेत मी त्याईचं.’’

माझे कान उभे राहिले. ‘‘मोठी मिशी?’’

‘‘मिशी तं अशी!’’ तिनं दोन्ही गालांवरून हात फिरवले.

‘‘बोलायला फार शूर?’’

‘‘शूर म्हंजे? वाघाले बकरी म्हनतीन!’’

बस. आणखी काय विचारायचं राहिलं? काकूनं सांगितलं, की ह्या बंगल्यात मडमेचं भूत आहे अशी बोलवा होती. ‘त्याईनं’ पैज लावली आणि इथे एकटे झोपायला आले. पहाटेच्या धुक्यात खिडकीशी काहीतरी पांढरं हललं, फुसकारलं. ‘‘मंग काय! धोतर वऱ्हांड्यात, अन् हे वावरात! ती आमची पांढरी गाय होती, खिडकीतून वैरन हुंगून राह्यली होती.’’

मला काकूच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोच. फाट्यावर परतलो तेव्हा साडू विचारू लागले, ‘‘काय साडभाऊ, बंगला आवडला वाट्टे. कोनाची समाधी सापडली काय?’’

‘‘सापडली,’’ मी म्हटलं. ‘‘पोळ्याले दाखवतो.’’

पोळ्यापर्यंतचे दिवस मी फार आनंदात घालवले. आंघोळ करताना यमकं जुळवली. साडू जन्मात धोतर नेसलेले मी पाहिले नव्हते, हे एकदा मनात आलं. पण ‘धोतराची घडी’ यमकात इतकी चपखल बसत होती, की मी तो विचार झटकून टाकला. सत्यासाठी एवढं चांगलं यमक कोण सोडेल?

पोळ्याच्या सकाळीच साडूंनी फाट्यावरच्या पंक्चरची गोष्ट घरी रंगवून सांगितली होती. मग आखरावर सगळा गाव. तोरणाच्या अगदी खाली मामाजींची मानाची जोडी, मामाजी फेटा बांधून, हातात कासरा. ओट्यावर बायका. नेहमीप्रमाणे माझी नारळाची झडती झाली, गाव ओरडला. मग मी पुढे झालो. गाव चकित. ह्या जावयानं कधी झडती म्हटली नव्हती. मी सरळ साडूंच्या मिशीकडे पाहत आवाज लावला:

डाकबंगल्यात निजाले गेला मिशीवाला गडी,
मडम पाहून सुटली त्याच्या धोतराची घडी!
मडम नव्हती, भूत नव्हतं, गाय होती पांढरी,
शूर गडी वावरातून पयत आला घरी!

पोरं खदाखदा हसली. साडू सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. कारण म्हातारे एकदम खाली पाहायला लागले होते. मी ‘हर बोला’ म्हटलं, पण ‘महादेव’ कोणी म्हणेना. झडती तशीच अधांतरी लटकून राहिली. ओट्यावर बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. मी पाहिलं, सगळे म्हातारे चोरून एकाच माणसाकडे पाहत होते, आणि त्या माणसालाही मिशी होती. पांढरी, गालभर. आणि धोतर.

मामाजी.

त्यांच्या पिढीनं मुकाट्यानं पुरलेली गोष्ट मी आखराच्या मधोमध उकरून काढली होती. मामाजी हळूहळू माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता कानाखाली. त्यांनी कासरा माझ्या हातात दिला, फेटा नीट केला, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात कधी झडती म्हटली नव्हती, तो खणखणीत आवाजात सुरू झाला:

एक जावई काट्यावर, दुसरा जावई फाट्यावर,
दोघंही हजर टायमावर पुरनाच्या पाट्यावर!
मडम पाहून पयालो मी, त्याची नाई लाज,
जावई पाहून पयालो असतो तं सुखी असतो आज!

साडूंच्या मिशीखालचं हसू जागच्या जागी वाळलं. आणि मग ‘हर हर महादेव’ असं काही झालं, की तोरण तोडून बैल सोडायच्या आधीच पोळा फुटला. मानाची जोडी उधळली. कासरा माझ्या हातात होता आणि तो सोडायचा असतो हे मला सुचलं नाही. अर्ध्या आखरातून मी बैलांच्या मागे पोटावर गेलो. लोकांना वाटलं, हाही झडतीचाच भाग आहे.

घरी बायको गुडघ्यांना हळद लावत होती. लावत होती म्हणजे थापटत होती.

‘‘काकूनं नाव नाई घेतलं म्हनता, अन् तुम्हाले भाऊजी वाटले? जावयाचं नाव घ्याले कोनती बाई लाजते? ती गावची सून हाय. बाबा गावच्या नात्यानं तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, तिचे जेठ लागतात. जेठाचं नाव घेईन काय ती?’’

वऱ्हाडात जन्म गेला माझा. माझी आई तिच्या जेठाच्या नावाची भाजीसुद्धा दुसऱ्याच नावानं मागायची. आणि मला एवढं समजलं नाही, कारण मला समजून घ्यायचंच नव्हतं. मला साडू हवे होते.

मला वाटलं, मामाजी आता माझं तोंड पाहणार नाहीत. पण पुरणपोळी त्यांनी स्वतः वाढली, आणि वाढताना आवाज चढवून विचारलं, ‘‘जावईबापू, पाटा इकडे सरकवू का?’’ अख्खी पंगत हसली. त्यांच्या तोंडाला रक्त लागलं होतं. त्या संध्याकाळभर ते दारात येणाऱ्या प्रत्येक बैलजोडीला ओवाळताना ती झडती नव्यानं म्हणत होते, आणि ऐकणारे पाठ करून पुढच्या दारी नेत होते. नारळाची झडती त्या दिवशी खरोखरच बुजली. मला हवं होतं ते झालं होतं; फक्त आता माझ्यावरची झडती सासऱ्यांची होती, आणि सासऱ्यांच्या झडतीला गावात उतारा नसतो.

गोठ्यामागे बाजेवर जाऊन बसलो, तर साडू आधीच तिथे. त्यांच्यावर आजवर कोणी झडती म्हटली नव्हती. चेहरा लालबुंद.

‘‘फाट्यावर म्हने!’’ ते पुटपुटले. ‘‘सख्खे दोन जावई अन् भर आखरावर! साडभाऊ, म्हाताऱ्याचं आनखी काही सापडन का हो?’’

मी सरकून त्यांना नीट जागा दिली. आम्ही ठरवलं, की दिवाळीनंतर मामाजींच्या तरुणपणाची सगळी गावं फिरायची. पुलांखाली बसायचं, बंगल्यांत चहा प्यायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं. साडू रंगात आले. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘म्हाताऱ्याचं काय घेऊन बसले! मानूस म्हटला का फजिती आलीच. आता माहीच पाहा ना, लग्नाच्या पहिल्या सालात मी—’’

मी पुढे झुकलो. जरा जास्तच झुकलो असेन.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि उठले.

‘‘चाला,’’ म्हणाले, ‘‘चहा झाला असन.’’