चटणीच्या वेळेला निपाणी

आमचे लाइनमन निपाणीला तीनदा जाऊन आले आणि तिन्ही वेळा "सगळं ठीक" असं लिहून मोकळे झाले. तक्रार मात्र कायम: पाच वाजले की एका गल्लीचं केबल इंटरनेट गोगलगाय होतं. आणि हे महाशय जायचे सकाळी! बेळगावच्या कंट्रोल रूममध्ये इतकी वर्षं मी आलेख बघते, ती गल्ली कधी पाहिली नव्हती. आमच्यातल्या जुन्या, मुरलेल्या लाइनमनला, गुंडूअण्णांना म्हटलं, "शिडी घ्या. दुपारी निघायचं."

हायवे झकास. दीड तास धरा, फास्टॅग भरून ठेवा आणि संकेश्वरला तिथल्या मिरचीचा ठेचा खाच. डोळे पुसत पुसत दोन भाकऱ्या हाणल्या. कामाच्या वेळेत सहल! कॉलेजनंतर इतकी हुंदडले नव्हते.

गल्लीच्या तोंडाशीच तक्रार करणाऱ्या सुवर्णाआक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. "आलासा? साडेपाचला आमच्या स्नेहलची नोकरीची मुलाखत हाय, कॉम्प्युटरवर. मागल्या खेपेला निम्म्यातच अडकलं. आज अडकलं तर शिडी परत देत न्हाय!"

एका घरातल्या विजेच्या उपकरणाची खरखर केबलमधून उलटी लाइनीत शिरली की सगळ्या गल्लीचा वेग बसतो. अण्णा खांबावर, मी खाली ती खरखर मोजणारा मीटर घेऊन. काही दिसेना. पाच वाजले आणि मीटर थयथयाट करू लागला! अण्णा एकेका घराची केबल काढून परत लावत गेले. एक काढली, मीटर गप्प.

"कुणाचं घर?"

"आक्कांचंच की वो!"

आम्ही धावलो. जैन घर, जेवण दिवस मावळायच्या आत. म्हणून पाचला मिक्सर सुरू. त्याच्या मागेच स्वयंपाकघरातल्या टीव्हीसाठी केबल हातानं पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली. खरखर तिथूनच आत शिरत होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. सिरियल बघत चटणी करतो की."

जोड कापून नवा कनेक्टर घट्ट बसवला. मुलाखत सुरू झाली. "मिक्सर बंद!" मी दरडावलं. पाच मिनिटांत घर्रर्र!

"दिवस मावळायला आला. उपाशी झोपू व्हय?"

मी श्वास रोखून दाराच्या फटीतून पाहिलं. स्क्रीनवरचे साहेब बोलत होते, हसत होते, कुठंही अडकत नव्हते. अंगणात मी चक्क गुंडूअण्णांना ओढून फुगडी घातली.

आठवड्यानं स्नेहलचा फोन आला: नोकरी लागली. आक्कांनी दिलेली शेंगदाण्याची चटणी तोवर संपली होती. आता रोज पाचला मी आधी निपाणीचा आलेख उघडते. रेघ सरळ असते. तिकडं मिक्सर सुरू झालेला असणार, आणि इकडं माझ्या तोंडाला पाणी सुटतं.