नव्या डिस्कची पूजा

आमच्या साखर कारखान्याच्या ऊस विभागात संगणक आला ते वर्ष दुष्काळाचं होतं. येरमाळ्याकडच्या विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या होत्या. संगणक चालवायला मला घेतलं, कारण सोलापुरात राहून ते काम शिकून आलेली मी एकटीच. माझे वडील, आबा, भेटेल त्याला सांगायचे, "आमची बाई यंत्रावर बसती."

त्या हिवाळ्यात कारखान्यानं कधी नव्हे तो शहाणपणा केला. शेतकी विभागाची माणसं बांधोबांध हिंडली आणि ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांचा ऊस आधी तोडायचा, असा क्रम ठरला. आबांचा ऊस त्यात बराच वर आला. तो क्रम मीच संगणकात भरला. भरून झाल्यावर पाहणीचे कागद रद्दीत गेले. यंत्रात आहे म्हटल्यावर कागद कशाला? संगणकाच्या डिस्कचे दोन भाग होते. सीमध्ये कामाचे प्रोग्रॅम, डीमध्ये हा क्रम. आमच्या लेखी डी म्हणजे भिंतीतलं कपाट होतं.

मग पुण्याचा इंजिनिअर पिशवीतून दुसरी डिस्क घेऊन आला. सगळ्याची नक्कल तिच्यावर काढून तो ती परत नेणार होता. त्यानं ती जोडली, "आधी ही फॉरमॅट करायची आहे, म्हणजे पुसून कोरी करायची, मी जेवून येतो," म्हणाला आणि अतिथिगृहाकडं गेला.

पण नव्या वस्तूची पूजा करायची आणि पहिली कळ वडीलधाऱ्यानं दाबायची, ही आमच्या ऑफिसची रीत. मुहूर्त टळत आला होता. नारळ फुटला. आम्ही बौद्ध, पूजेच्या वेळी मी दाराशीच उभी राहायची, कुणी सांगावं लागत नसे. निवृत्तीला आलेले शेतकी अधिकारी खुर्चीत बसले. हेडक्लार्क म्हणाले, "सी झाला, डी झाला, म्हंजी ही नवी ई. व्हय का न्हाय?" सगळे व्हय म्हणाले आणि ई फॉरमॅट करायचा हुकूम यंत्राला दिला. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. साहेबांनी हळदीच्या बोटानं होकाराची कळ दाबली आणि टाळ्या पडल्या.

इंजिनिअर परतला तेव्हा पेढे वाटून झाले होते. त्यानं दोन-चार कळा दाबल्या आणि त्याचं तोंड उतरलं. यंत्र सुरू होताना आधी प्रत्येक डिस्कचा मुख्य भाग शोधतं आणि त्यांना ओळीनं अक्षरं देतं, पोटभागांची पाळी मागाहून. आमचा डी पोटभाग होता. पाहुण्या डिस्कचा मुख्य भाग दिसताच डी हे नाव तिला गेलं, आमचा भाग मागं सरकून ई झाला, आणि आम्ही तोच पुसला होता. अक्षर म्हणे डिस्कवर लिहिलेलंच नसतं, दर वेळी नव्यानं वाटतात. मला असा संताप आला की विचारू नका. मुख्य आधी आणि पोटातले मागाहून, हे शिकायला संगणक कशाला हवा होता? उभा जन्म गावात काढला होता मी.

पुन्हा पाहणीला वेळ नव्हता. वरून हुकूम आला की विहीर आटलेल्यांनी ऑफिसात यावं, जो आधी येईल त्याचा ऊस आधी. सकाळीच जीपगाड्या लागल्या. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं तेही आले. आता तपासणार कोण? आबा एस.टी.नं दुपारी पोचले. मी बाहेर गेले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही आत या. तुमचा नंबर मला पाठ आहे."

"तुला पाठ असून काय उपेग? रांग हाय ही. तुज्या नोकरीला बोल नगं," म्हणाले आणि शेवटी जाऊन उभे राहिले. मी खिडकीआड बसून पुढच्यांची नावं भरत राहिले. इतकं लाचार मला पुन्हा कधी वाटलं नाही.

तोडणीची टोळी आमच्या शेतावर आली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. मुकादमानं कडेचा एक ऊस मोडून पाहिला. आत नुसता पोकळ भुसा. त्यानं तो खाली ठेवला आणि बैलगाड्या वळवायला सांगितल्या. घरात जाऊन आबांनी टँकरच्या पाण्याची कळशी बाहेर आणली आणि त्या माणसांना म्हणाले, "लई लांबनं आलाव. पाणी तरी पिऊन जावा."