गळ्यातली सवत

वंशावळ काढायचं खूळ माझ्या चुलतभावाचं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भल्यामोठ्या कागदावर त्यानं पणजोबापासून सारं झाड काढलं होतं, आणि त्यावर एकही बाई नव्हती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काहून रे, हे सारे बाप्ये झाडाले लागले होते काय?" तो हसून म्हणाला, "मंग बायाइचं तूच इचार."

विचारते की! मला तसंही एकीबद्दल विचारायचंच होतं. मला जन्म देणारी मी अंगावर पीत असतानाच गेली. तिचा फोटो नाही. तेव्हा दिघोरीत फोटो कोण काढत होतं! ती दिसायची कशी, एवढंच मला हवं होतं. बापाला विचारायची सोय नव्हती. तिचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा.

आधी तुमसरला आत्याकडे गेले. "लय गरीब होती वो, गाय," ती म्हणाली. नाक कसं होतं? "नाकासारखं नाक." पुढे तिनं स्वतःच्या सासूचंच पुराण लावलं. मग आसगावला मामाकडे गेले. तिचा सख्खा भाऊ. तो डोळे मिटून आठवू लागला आणि रडायलाच लागला. "पाठमोरी दिसते पोरी, बंडीत बसलेली, सासरी जाताना. तोंड नाही आठवत." सख्ख्या भावाला आठवू नये? मला आधी राग आला, मग त्याच्याशेजारी बसून मीही रडून घेतलं.

दिघोरीला परतले तेव्हा माय तांदूळ पाखडत होती. माय म्हणजे बापानं नंतर केलेली, मला वाढवणारी. तिनं तर पहिलीला पाहिलंच नव्हतं. पण आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे तिची आकृती उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालते. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. मायनं ते जन्मभर पाळलं.

"साऱ्याइले इचारून आली, मले काहून नाही इचारलं?" सूप खाली ठेवत ती म्हणाली.

"तू कुठं पायलं वो माय तिले?"

"मले भेव वाटे तिचा. गळ्यात घालून निजायचं, तं कोण हाये हे मालूम नको? धानाच्या रोवण्यात मी बायाइले इचारत होती. डावखुरी होती म्हणत, बाजूवालीले तिचा कोपर लागे. पुढचा दात तुटला होता, म्हून हसताना पदर घे तोंडावर. आपल्या सोनारानं तिले पायलं होतं. त्यानं टाकावर तिचा तोंडवळा आणला होता. हनुवटीवरचं गोंदणसुदिक."

टाक कायम तिच्या पदराआड असे, मी तो कधी निरखलाच नव्हता. सवाष्णीनं टाक उतरवायचा नसतो, म्हणून मीच तिच्या गळ्याशी वाकले. टाकावर लुगड्याच्या निऱ्या दिसल्या, हात दिसले. तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी होती.

"हे कसं झिजलं वो?"

माझ्या पाठीवर हात ठेवून माय म्हणाली, "तुले दात येऊन राहिले होते. मले तं दूध नव्हतं, आन् तू रडू रडू जीव टाके. मंग तुले जवळ घेऊन टाक तोंडात देत होती. तेवढ्यानंच उगी राहे. तुही आत्या रागे भरे, टाक खराब होते म्हणे. म्या म्हटलं, चोखू द्या बाई, मायच हाये तिची."