पाटलांच्या तळ्यावरची बदकं

खेड्यात दवाखाना चालवला की औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. कलकत्त्याहून शिकून आलो तेव्हा वाटायचं, एका हिवाळ्यात गाव सुधारेल. आता तसं वाटत नाही.

आमचं गाव बोदलकशाच्या जंगलाकडचं. सारं गाव तळ्याचं पाणी पितं. हिवाळ्यात त्यावर रानबदकं उतरतात आणि त्यांच्या विष्ठेतून जंतू पाण्यात जातात. मागल्या हिवाळ्यात तळ्याचे मालक चिंधू पाटील यांची सून हगवणीनं गेली. मागे तिची लहानगी कौशी राहिली. तिच्यापुरतं तरी पाणी उकळा, एवढंच माझं मागणं.

पाटलांना दवाखान्यात आणून सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काई करून नाही राहिले जी बिचारे. पोहून राहिले."

म्हटलं, निदान बदकं तरी हाकला.

"माह्या आज्यानं तळं बांधलं तवापासून येऊन राहिले. पाहुण्याले हाकलाचं कसं?"

"पाहुणे पाण्यात घाण करतात, पाटील."

"माणसं पाहुणे येतात ते का कमी करतात?"

माझा कंपाउंडर सदाशिव. जंतूंवरची माझी व्याख्यानं त्याला पाठ. एकदा कोणी शिकाऱ्यानं त्याला बदक दिलं. ते सोलून त्याच हातानं तो पुड्या बांधायला बसला. मी ओरडलो.

"बदक मेलं ना सर? मग जंतू कायले जगतील?"

त्या दिवशी पुड्या मीच बांधल्या.

मग पिण्याच्या पाण्यात टाकायला घरोघर लाल औषध वाटलं. सकाळी तळ्यावर गेलो तर काठावर लाल भात पसरलेला आणि पाटील बदकांची वाट पाहत बसलेले.

"रोग त्याइच्या पोटात हाय म्हनता. मंग औषध आमाले काऊन?"

मी खाली बसलो. बदकं आलीच नाहीत. त्यांनाही माझं औषध नको होतं.

परवा कौशीचं पोट बिघडलं म्हणून पाटलांकडे गेलो. चुलीवर पाणी खळखळत होतं. बाजूला झाकलेली घागर, वर स्वच्छ फडकं. पाटलांनी घागरीतलं पाणी लोटाभर माझ्या हातात दिलं. तेवढ्यात कौशीनं पाणी मागितलं. ते उठले आणि कोपऱ्यातल्या माठातून तिला दिलं.

"तिला घागरीतलं का नाही दिलं?"

"ते तुमचं हाय, डाक्टर जी. तुमाले तळ्याचं सोसत नाही ना. तुमी कवा याल त्याचा नेम नाही, म्हून रोज उकळून ठेवतो."