थोरली, धाकटी आणि आबांचा मोबाईल

ऑफिसात चहा करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. बोलणारे एकमेकांकडे बघतात, कप ठेवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. त्यातून मी कमी बोलतो. त्यामुळे माझ्याकडे एवढं साठलंय, की आता कुणाला तरी दिलेलं बरं.

आमचं ऑफिस पारनेरला, पेठेतल्या एका खताच्या दुकानाच्या वर. आत तीन जणं. वैभव मालक; पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला. इम्रान त्याचा शाळेपासूनचा मित्र. आणि सुनीता पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तिघं मिळून वेबसाइट बनवतात. मला नाना म्हणतात. मी एसटीच्या कँटीनमधून सुटलो तो इथं आलो. शिक्षण चौथी. चहाला तेवढं पुरतं.

*

नवा होतो तेव्हा वैभवला विचारलं, तुम्ही नक्की करता काय? त्यानं माझ्या शेगडीकडे बघितलं. म्हणाला, "नाना, काही वेबसाइट अशा असतात, की पाहुणा आला की मग चहा टाकायचा. आपल्या वेबसाइट म्हणजे थर्मास. सगळी पानं आधीच तयार करून भरून ठेवायची. पाहुणा आला की नुसती ओतायची. लवकर मिळतं आणि मोडत काही नाही."

मला फार पटलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच दिवसभराचा चहा केला आणि थर्मासात भरून ठेवला.

दुपारी वैभवनं एक घोट घेतला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नाना, तुम्ही जुन्या पद्धतीनंच चालू द्या."

*

सुनीताचे वडील, आबा, दर वर्षी फडावर जायच्या आधी तिला ऑफिसपर्यंत सोडायला यायचे. जिन्याशी थांबायचे. मी वर बोलवायचो, तर स्वतःच्या चपलांकडे बघायचे. "ऱ्हाऊ द्या. मी हाय हितं."

मग मी चहा खाली न्यायचो. ते उभ्यानंच प्यायचे. एकदा मला म्हणाले, "पोरगी दिसभर बसून आसती म्हनं. ऊस तोडला तर मोळी दिसती. हिची मोळी कुटं दिसती?"

मी हे सुनीताला सांगायला नको होतं. पण सांगितलं. त्या दिवसापासून तिचं एकच चाललं, की आपलं काम एकदा आबांनी बघावं. ती एकेक तयार झालेली वेबसाइट त्यांच्या मोबाईलवर पाठवायची. आबांचा मोबाईल जुना, फडावर रेंज नावाला. संध्याकाळी फोन यायचा.

"उघडलं का, आबा?"

"न्हाई. नुसतं गोल फिरतंय."

*

ही पानं तयार करायला एक प्रोग्रॅम लागतो. असे पुष्कळ आहेत म्हणे, पण आमच्याकडे भांडण दोघांवरून. एक जुना, साधा; तो इम्रानचा लाडका. दुसरा नवा, देखणा, तो वैभवचा. त्यांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात. मी जुन्याला थोरली आणि नव्याला धाकटी म्हणायला लागलो. पुढे सगळेच म्हणायला लागले.

एकदा वैभव पुण्याच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. हे गिऱ्हाईक वयस्कर, सज्जन, दाताचे डॉक्टर. मागून इम्रानचा आवाज गेला, "वैभव, मी शेवटचं सांगतो. धाकटीचे नखरे तुला झेपायचे नाहीत. थोरली बिचारी दिलं ते काम मुकाट्यानं करते. हिला सोड!"

पलीकडून डॉक्टर हळूच म्हणाले, "वैभवराव, वेबसाइटची काही घाई नाही. आधी तुमचं घरचं मिटू द्या."

*

वेबसाइटचा साचाही आयता मिळतो. कुणीतरी परदेशी माणूस तो बनवतो आणि सगळ्यांसाठी उघडा ठेवतो. घ्या, बदला, वापरा. फक्त खाली माझं नाव राहू द्या. मी म्हणालो, म्हणजे आमच्या गावकीची भांडी. लग्नाला न्यायची, घासून परत द्यायची, वर नाव कोरलेलं असतं.

"बरोब्बर," इम्रान म्हणाला. "आणि पोचा आलेला दिसला, तर ठोकून सरळ करून द्यायचा."

एका साच्याला पोचा होताच. त्यात मराठी मथळा टाकला की वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जायच्या. इम्रानने ते दुरुस्त केलं आणि त्या माणसाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं. वैभवनं मला मराठीत सांगितलं: मित्रा, आभार. अक्षरांना डोक्यावरही काही असतं, हे मला माहीत नव्हतं.

इम्रान त्या दिवशी दोन कप चहा प्याला.

*

साच्यात फोटोही आयते असतात. राजूरच्या एका बचत गटाची वेबसाइट बनवली, तेव्हा एक फोटो बदलायचा राहिला. सोनेरी केसांची बाई, हातात टोपली, तोंडभर हसतेय.

गटाच्या अध्यक्ष बाई पहिल्यांदाच मोबाईलवर बघत होत्या. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग गटातल्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "ही आपल्यात कवा आली? आन् हिला मीटिंगचा निरोप का न्हाई धाडला कुनी?"

*

शेवटी ठरलं, की आपला स्वतःचा मराठी साचा बनवायचा आणि तोही गावकीत ठेवायचा. साच्यात नमुन्याचा मजकूर लागतो. जागा भरायला. गिऱ्हाइकानं नंतर तो काढून स्वतःचा टाकायचा. परदेशी साच्यांत कसलीतरी लॅटिन वाक्यं असतात. वैभव म्हणाला, आपण मराठी टाकू. नाना, बोला काहीतरी.

मला ऐनवेळी काय सुचणार? पोरं खाली रस्त्यावर उभी राहिली, की मी गॅलरीतून जे रोज म्हणतो तेच म्हणालो. "चहा ठेवलाय, वर या."

सुनीताने तेच वाक्य पानभर भरलं. मथळ्यात, परिच्छेदात, तळाला. जिथं बघावं तिथं चहा ठेवलाय, वर या.

त्याच साच्यावर थोरली-धाकटीचा निकाल लावायचा होता. वैभव म्हणाला, वेग मोजू. इम्रान म्हणाला, पानाचं वजन मोजू. सुनीता फळ्यापाशी गेली, दोघांनी मांडलेलं सगळं पुसलं, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: आबांच्या मोबाईलवर उघडतं का?

मग तिनं साच्यातलं सामान काढायला घेतलं. सरकणारी चित्रं काढली. उड्या मारत येणारी अक्षरं काढली. भारीतले फॉन्ट काढले. उरली नुसती अक्षरं. तेच पान एकदा थोरलीत तयार केलं, एकदा धाकटीत, आणि दोन्ही आबांना पाठवली. नमुन्याचा मजकूर तसाच होता. ही नुसती चाचणी, खरं काम नंतर पाठवू, असं ती म्हणाली.

संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं लावला तर लागेना. टोळी दुसऱ्या फडावर गेली, तिथं रेंज नाही, असं गावाकडून कळलं. सुनीता म्हणाली, "उघडलं नसंल, नाना." मी तिच्यापुढे चहा ठेवला. फळ्यावरचं वाक्य कोणी पुसलं नाही.

*

ऊस संपला. टोळ्या परतायला लागल्या. एके दुपारी जिन्यावर पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

दारात आबा आणि सुनीताची आई. हातांना उसाच्या पातीचे ओरखडे. चपला दोघांनी हातात धरलेल्या. आबा म्हणाले, "ट्रक सुप्याला उभा हाय, जीपनं आलो. मुकादम बोंबलतोय. घोटभर घेतो आन् निघतो."

वैभव खुर्च्या ओढायला लागला. इम्रानने चपला हातातून घेतल्या. सुनीता उभी राहिली आणि तशीच उभी राहिली.

"आबा, तुमी वर कसं काय?"

आबांनी मोबाईल काढला. काच तडकलेली. त्यांनी बोट लावलं आणि चाचणीचं ते पान उघडलं. फिरलं नाही.

"तुझ्या आईनं वाचून दावलं," ते म्हणाले. "येकदा लिवलं आसतं तर आलो नसतो. लई येळा लिवलं हुतं."