पांढऱ्या रंगाचे दोन पाळीव ससे

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच वतीने पत्र लिहीत होतो. के. आर. पुरमच्या ज्या इमारतीत ती एकटी राहत असे, तेथील रहिवासी संघाला धाडायचे ते सातवे पत्र. चौथा परिच्छेद संपला होता, पाचव्याचा आकडा घालून झाला होता. शेजारच्या घरातली मुलगी बोलत होती. "अंकल, आंटी दार उघडत नव्हत्या, म्हणून आम्ही दुसऱ्या किल्लीनं उघडलं…" मी विचारले, "नक्की किती वाजता उघडले?" सख्खी बहीण गेल्याचे कळल्यावर माणसाने विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे मला समजते. पण सरकारी खात्याच्या विधी शाखेत उभे आयुष्य काढले, की दुःखाच्या आधी तपशील तोंडात येतात. मी पेनाला टोपण लावले. पाचवा परिच्छेद आजही कोरा आहे.

त्या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचे घराणे किती पिढ्यांपूर्वी या कानडी मुलखात आले हे आम्हालाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही. ती मला शेवटपर्यंत 'तम्मा' म्हणत आली, म्हणजे धाकटा भाऊ. सत्तरी उलटलेल्या, चष्म्यावर चष्मा लावून कलमे वाचणाऱ्या माणसाला तम्मा म्हणणारे आता कोणी उरले नाही.

आमच्या मल्लेश्वरमच्या घरी पहिले ससे आले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. वडिलांचे एक स्नेही कुठल्याशा प्रयोगशाळेत शिपाई होते. तिथले काम झालेले, म्हणजे आता कुणालाच नको असलेले दोन ससे त्यांनी पिशवीत घालून आणून दिले. दोघांच्या कानांत निळ्या शाईने आकडे गोंदलेले होते. वडील त्यांना त्या आकड्यांनीच हाक मारू लागले, तेव्हा अकरा वर्षांची अक्का दोन दिवस जेवली नाही. तिने त्या कानांना खोबरेल चोळून पाहिले, लिंबू लावून पाहिले. आकडे निघाले नाहीत. मग तिने घरातल्या सर्वांकडून शपथ घेतली, की ते कुणी मोठ्याने वाचायचे नाहीत. मी नुकताच आकडे वाचायला शिकलो होतो. त्या वयात वाचता येत असून न वाचणे किती अवघड असते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच माझ्या त्या पहिल्या शपथेचे मोल कळेल.

गोवर येऊन मी तीन आठवडे अंथरुणात होतो, तेव्हा तिने सशांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. जगातल्या सर्व मुलांना सांगतात त्या गोष्टीतला ससा शर्यतीत झोपतो आणि हरतो. अक्काचा ससा झोपत नसे. शर्यत लावणाऱ्यांची तोंडे पाहून त्याला कंटाळा येई आणि तो झाडाखाली डोळे मिटून पडे, इतकेच. चंद्रावरच्या सशाची तर तिने वेगळीच कथा रचली होती. पौर्णिमेला सगळे जग त्याच्याकडे बघत असते म्हणून तो बिचारा अंग चोरून बसतो. अमावास्येला मात्र तो खाली उतरतो आणि आमच्या परसातली कोथिंबीर खाऊन जातो. "पुरावा काय?" मी विचारले होते. "कोथिंबीर," ती म्हणाली. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी वाफा अर्धा कुरतडलेला होता. "पण हे आपल्याच सशांनी खाल्लं नाही कशावरून?" "ते तुझ्या बाजूनं साक्ष देतील का विचार जा." मी गेलो आणि विचारले. अंगावर गोवराचे डाग घेऊन खुराड्यापुढे उकिडवा बसून दोन सशांची उलटतपासणी घेणारा तो मुलगा मला आजही दिसतो. त्याच्या मागे उभी राहून तोंडात परकराचे टोक कोंबून हसणारी ती दिसते.

पुढे ती बालवाडीची शिक्षिका झाली. लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला नव्हता आणि सांगण्याची गरज तिला वाटली नाही. तिच्या वर्गात कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या घरांतली पोरे. पहिले आठ दिवस रडण्याखेरीज त्यांची सामायिक भाषा नसे. म्हणून अक्का वेताच्या टोपलीतून एक ससा शाळेत घेऊन जाऊ लागली. टोपली उघडली की वर्ग गप्प. ससा कुणाच्या पायाशी जाऊन बसतो इकडे चाळीस डोळे. मुख्याध्यापिकाबाईंनी हरकत घेतली, जनावर शाळेत आणता येणार नाही. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि नियमांची पुस्तके प्रेमपत्रांसारखी वाचत होतो. मी तिच्या नावाने तीन पानी अर्ज लिहून दिला. 'अध्यापनसाहित्य' या शब्दाची व्याख्या कुठेही केलेली नाही, सबब सशास त्यातून वगळता येत नाही, असा त्यातला मुख्य मुद्दा. अर्ज मंजूर झाला. अक्काने तो निर्णय हातात घेऊन माझ्याकडे असे पाहिले, की कोऱ्या कागदावर नीट लिहिले तर जगातले काहीही मिळवता येते, अशी माझी खात्री पटली. तो अर्ज त्या दिवशी फेटाळला गेला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तिने के. आर. पुरमला सर्वांत वरच्या मजल्यावर घर घेतले, ते गच्चीसाठी. पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत जाळीचे खुराडे ठेवले आणि दोन ससे आणले. बत्तासा आणि चिरोटी. चार वर्षे कुणाची तक्रार नव्हती. इमारतीतली मुले संध्याकाळी वर जात, तिच्या गोष्टी ऐकत. भाजीवाली राधम्मा उरलेला पाला फाटकापाशी ठेवून जाई. मग संघाची नवी समिती आली आणि तिने पाळीव जनावरांविषयी एक मोघम सूचना फळ्यावर लावली. अक्का थोडी घाबरली. तिने संघाच्या कार्यदर्शींना, म्हणजे सचिवांना, गाठले. तो गृहस्थ, मला हे कबूल केलेच पाहिजे, वाईट नव्हता. तिने मला फोनवर सांगितले, "तो म्हणाला, 'सुम्मने इरी, अम्मा.' गप्प राहा म्हणे, ती सूचना कुत्र्यांसाठी आहे, वर कोण बघायला येतंय. मी सरी म्हटलं."

मी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणू शकलो नाही. गप्प राहा म्हणजे काय? आज याने डोळेझाक केली, उद्या दुसरा येईल आणि करणार नाही. माझ्या बहिणीने कुणाच्या मेहेरबानीवर का जगावे? हक्क असेल तर तो कागदावर हवा. असा सगळा युक्तिवाद मी तिला ऐकवला. ती म्हणाली, "तम्मा, राहू दे. चाललंय ते चालू दे." मी राहू दिले नाही. मी रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, संघाला पत्र पाठवले. त्यात गच्चीच्या अमुक कोपऱ्यात 'पांढऱ्या रंगाचे दोन पाळीव ससे' चार वर्षांपासून अखंड ठेवलेले असल्याचे नमूद केले, आणि या वापरास लेखी मान्यता पंधरा दिवसांत द्यावी, असे बजावले.

उत्तर बाराव्या दिवशी आले. पत्र नोंदवहीत चढल्यामुळे ते सभेपुढे ठेवणे भाग पडले होते. सभेपुढे आल्यावर मत घेणे भाग पडले. गच्ची ही सामायिक जागा आहे आणि 'आपण आपल्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात स्वतः मान्य केल्याप्रमाणे' तिचा खाजगी वापर चालू आहे, तरी तो आठ दिवसांत बंद करावा. माझेच वाक्य, माझाच परिच्छेद, त्यांनी अवतरणचिन्हांत घालून मला परत केला होता. जे चार वर्षे कुणाला दिसत नव्हते, ते मी बोट ठेवून दाखवून दिले होते.

यानंतर मी लिहिलेल्या पाच पत्रांची हकीकत सांगून वाचकांना शिणवत नाही. ती सर्व कायद्याने अचूक होती. मात्र एप्रिल होता. ससे अक्काच्या घरातल्या काचा लावलेल्या, पश्चिमेकडच्या गॅलरीत आले. ती ओली फडकी टांगे, फरशीवर पाणी शिंपडे, बर्फाची पिशवी ठेवी. दुपारी तासभर तिचा डोळा लागला आणि बत्तासा गेला. तिने मला ते सांगितले नाही. ते मला आठ दिवसांनी कळले, कारण मी पत्रासाठी सशांची सद्यःस्थिती विचारली. "एकच आहे आता," ती म्हणाली. "आणि तीही इथं नाही. राधम्माच्या भावाचं शेड आहे होसकोटेच्या पुढं, तिकडं पाठवली." मी संतापलो. म्हटले, हा तर सरळ पुरावा आहे, आता आपली बाजू भक्कम झाली, मी आजच… ती मध्येच बोलली. आवाज चढवला नाही. "मला न्याय नको होता रे तम्मा. ससे हवे होते."

मी त्यावर काय म्हणालो हे मला आठवते, आणि ते न लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. तरीही सातवे पत्र मी लिहायला घेतलेच. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले आहे. कायद्याच्या भाषेत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि मी तो कुणावर लादणार नाही. संघाने आपल्या फोनवरच्या गटात शोकसंदेश टाकला: 'आपल्या सर्वांच्या लाडक्या, सशांच्या अज्जी यांचे निधन.' खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. त्या रांगेत सभेत हात वर करणारे सगळे होते. त्या संदेशाला द्यायचे उत्तर माझ्या डोक्यात पूर्ण तयार होते, परिच्छेदांच्या आकड्यांसह. ते मी दिले नाही. आयुष्यात प्रथमच मी काही पाठवले नाही.

तेरावा झाल्यावर मी चिरोटीला आणायला होसकोटेच्या पुढे गेलो. मेट्रोने के. आर. पुरमपर्यंत आणि तिथून बसने. शेडच्या दाराशी राधम्मा उभी होती. आत जाळीमागे चाळीस ससे. सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. मी विचारले, "यातली आमची कोणती?" तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच सांगा की, सर. माझ्या भावानं पहिल्याच दिवशी सगळ्यांत सोडलं तिला. अक्का दर आठवड्याला यायच्या, आल्या की लगेच उचलून घ्यायच्या." आणि मग तिने सांगितले, की अक्काने फक्त एक गोष्ट मागितली होती: हिला विकायचे नाही. यातले बरेचसे कशासाठी विकले जातात हे मला ठाऊक होते आणि अक्कालाही ठाऊक असणार. "मी हो म्हटलं होतं. पण अक्का गेल्या, आता ती कोणती ते कळेना. म्हणून एकही विकला नाही." कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. तिच्या मागे तिचा भाऊ हाताची घडी घालून उभा होता. चेहऱ्यावरून त्याला हा करार मान्य दिसत नव्हता.

ज्या सशांसाठी मी सहा पत्रे पाठवली, त्यांच्याकडे मी एकदाही नीट पाहिले नव्हते. गच्चीवर जाई तो कोपऱ्याची लांबीरुंदी मोजायला. अक्का दर रविवारी सकाळी फोन करी आणि अर्धा तास त्यांच्याविषयी बोले, तेव्हा मी फोन कानाला लावून वर्तमानपत्र वाचत असे. 'हं' म्हणत असे. आता मी त्या 'हं' आणि 'हं' यांच्यामध्ये ती काय बोलली होती, ते शोधतो आहे. रविवारी सकाळी, तिच्या फोनच्या वेळेला, मी शेडमध्ये जमिनीवर बसलेला असतो. पुष्कळसे हाती लागत नाही. एकदा आठवले, चिरोटी मुळ्याचा पाला देठाकडून खाते, पानाकडून नाही. मी मुळे नेले. तिघे देठाकडून खातात. आणखी एकदा आठवले, की एक कान जरासा उशिरा उभा राहतो. पण तो चिरोटीचा की बत्तासाचा, हे आठवेना… अक्काने ते निश्चित सांगितले होते. मी त्या वेळी बहुधा अग्रलेख वाचत होतो.

"देठाकडून खाणारे तीन बाजूला काढू का सर?" राधम्माने विचारले. "म्हणजे भाऊ बाकीचे विकेल. त्याचाही खोळंबा झालाय." तिचे म्हणणे सर्वथा रास्त होते. माझ्या एका शब्दावर सदतीस जीव त्या दाराबाहेर जाणार होते, आणि माझा शब्द कशावर उभा होता, तर अर्ध्या कानाने ऐकलेल्या एका वाक्यावर. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी नक्की सांगतो." तिने मान हलवली आणि पाल्याचा दुसरा भारा माझ्याकडे सरकवला. हे मी तिला सलग पाचव्या रविवारी सांगितले आहे.